दोन सुलट, दोन उलट

प्रश्न : नमस्कार काकू. आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं. चौदा महिन्यांपासून मी नॉर्वेत स्टाव्हांगरला आहे, तेलक्षेत्रातल्या एका कंपनीत. बायको आणि तीन वर्षांची मुलगी सात महिन्यांपूर्वी आल्या. बायको बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाची एम.कॉम., लग्नानंतरही नोकरी करत होती. इथे घरीच आहे. तिला नॉर्वेजियन यावं म्हणून मी नगरपालिकेत चौकशी केली, तर फुकट शिकण्याचा हक्क तुम्हाला नाही असं उत्तर आलं. मग संध्याकाळचा एक खासगी वर्ग लावून दिला. चार तास झाले आणि तिनं जाणं सोडलं. म्हणते, बाकीचे भराभर बोलतात, मी खुळ्यासारखी बसून राहते; आणि इथे सगळ्यांना इंग्रजी येतं, मग हवंच कशाला? आता रोज जेवणं झाली की मी तिला मोबाइलवरच्या ॲपवरून शिकवायला बसतो आणि त्यात भांडणं होतात. मुलगी बालवाडीत जायला लागली आहे, ती दोन-दोन शब्द बोलतेसुद्धा. आई फोनवर म्हणते, दोन-तीन वर्षांनी परतच यायचंय, तिच्या डोक्याला ताप कशाला? बायकोसाठी चांगला शिक्षक कसा शोधू? भारतातला ऑनलाइन शिक्षक चालेल का?

उत्तर : आधी ते रात्रीचं शिकवणं बंद कर. आजपासून. जेवण झाल्यावर नवऱ्यानं बायकोची परीक्षा घ्यायची हा प्रकार बडोद्यातही चालला नसता. तिथे तर डिसेंबरात साडेतीन-चारला अंधार पडतो, तुमची रात्र किती लांबते ते मी भोगलं आहे. दिवसभर घरात एकटी असलेल्या बाईला रात्री शिकवणी नको असते, गप्पा हव्या असतात.

(तुला एकेरी म्हणते आहे. दांडिया बाजार माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तुला अहो-जाहो करणं जमायचं नाही. शिवाय तुला आता सवय झाली असेल. तिथे एक राजा सोडला तर सगळे सगळ्यांना 'दू'च म्हणतात. माझ्या सत्तरीच्या शेजारणीला 'दू' म्हणायला मला तीन महिने लागले. जीभच रेटेना.)

मी २००८ ते २०१४ स्टाव्हांगरला होते. नवरा तुझ्यासारखाच तेलातला. तेलाचं म्हणशील तर बडोदं आणि स्टाव्हांगर मावसबहिणीच. आपल्याकडे १९६० साली अंकलेश्वरला तेल लागलं आणि बडोद्याला लागून कोयलीची रिफायनरी आली. तिकडे १९६९च्या डिसेंबरात उत्तर समुद्रात एकोफिस्क हे तेलक्षेत्र सापडलं आणि सार्डिन माशांचे डबे भरणारं गाव तेलाचं गाव झालं. दोन्हीकडे तेलाच्या मागोमाग बाहेरची माणसं आली, आणि त्या माणसांच्या बायका आल्या. या बायकांचं पुढे काय होतं हे मला दोन्ही गावांत जवळून पाहायला मिळालं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात एक गोष्ट मला सापडली नाही. तुला स्वतःला नॉर्वेजियन किती येतं? चौदा महिने झाले. ऑफिसात इंग्रजी, बैठका इंग्रजी, कॅन्टीनमध्ये सगळे तुझ्यासाठी सौजन्यानं इंग्रजीवर येतात, हे मला माहीत आहे. म्हणजे ज्या ॲपवरून तू तिला शिकवतोस त्यात तू तिच्यापेक्षा फार तर चार धडे पुढे असशील. वर्ग तू शोधलास, वेळ तू ठरवलीस, पैसे तू भरलेस आणि चुकाही तूच काढतोस. मग तिला त्यात आपलं काय वाटणार?

नगरपालिकेचं आधी सांगते, कारण तिथे तुझा गैरसमज दिसतो. तुझ्यावर अन्याय वगैरे झालेला नाही. नॉर्वेत २०२१च्या १ जानेवारीपासून नवा एकात्मीकरण कायदा आहे, त्याआधीही असा कायदा होताच. त्यात निर्वासितांना, आणि नॉर्वेच्या नागरिकाशी किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या माणसाशी लग्न करून आलेल्यांना भाषा फुकट शिकायचा हक्क आहे. युरोपबाहेरून नोकरीच्या परवान्यावर आलेला तुझ्यासारखा माणूस आणि त्याचं कुटुंब यांना तो नाही. तुम्ही कमावता, तुम्ही पैसे भरा. पुढे कायमचा परवाना मागायला गेलात की मात्र भाषा शिकल्याचा पुरावा द्यावा लागतो. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा ते मोफतही केलं होतं. त्या तुलनेत हे जरा व्यापारी वाटतं खरं, पण नियम नियम आहे. हक्क नसला तरी प्रवेशबंदी नाही. नगरपालिकेच्या प्रौढशिक्षण केंद्रात पैसे भरून बसता येईल का ते विचार, बऱ्याच ठिकाणी येतं. तुमच्या गावात योहान्नेस लेरिंग्ससेंटर आहे. ते नसेल तर फोल्केउनिव्हर्सिटेटचे वर्ग आहेत. आणि तुझ्या कंपनीच्या मनुष्यबळ खात्याला विचारायला लाजू नकोस. काही तेलकंपन्या कुटुंबाच्या भाषावर्गाचा खर्च देतात, पण कुणी आपणहून सांगायला येत नाही.

त्या उत्तरात हक्कासाठी जो शब्द आला असेल तो 'रेत्त'. तो लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता चार तासांत वर्ग का सुटला ते बघू. माझाही सुटला होता. मी ज्या वर्गात गेले त्याचं नाव सांगत नाही. तिथे पातळी न बघता सगळ्यांना एका खोलीत कोंबलं होतं. माझ्या एका बाजूला जर्मन मुलगी, दुसऱ्या बाजूला डच गृहस्थ. बाईंनी 'हूस' म्हणायचा अवकाश, या दोघांना घर समजलेलं असायचं, कारण त्यांच्या भाषेत तो शब्द जवळपास तसाच आहे. मराठी माणसाला गुजरातीच्या वर्गात बसवावं आणि शेजारी तमिळ माणूस बसवावा, तर तमिळ माणसाला काय वाटेल? आपण मठ्ठ आहोत असंच वाटेल. तुझ्या बायकोला तेच वाटतंय. ती मठ्ठ नाही, तिचा गट चुकला. पुन्हा नाव घालताना विचारायचं ते हेच : अगदी पहिल्या पायरीचा गट आहे का, पातळी तपासून बसवतात का, आणि दिवसाचा आहे का. मुलगी बालवाडीत असताना सकाळी जो वर्ग असतो त्याला डोकं ताजं असतं. संध्याकाळच्या वर्गाला तिच्या मनात स्वयंपाक शिजत असतो.

दुसरं एक कारण आहे, ते वर्गात कुणी सांगत नाही. पुस्तकात शिकवतात ते बुकमोल. नॉर्वेत लिहायच्या दोन रीती, बुकमोल आणि नीनोर्स्क. बहुतेक जण बुकमोल लिहितात. पण बोलताना जो तो आपल्या गावचं बोलतो, आणि मंत्रीसुद्धा टीव्हीवर आपल्या गावचंच बोलतात. त्यामुळे वर्गात 'मी'ला 'यै' शिकायचं आणि बाहेर पडलं की स्टाव्हांगरची बाई 'एग' म्हणणार. वर्गात 'काय'ला 'वा', रस्त्यावर 'का'. (हा 'का' ऐकून मी पहिल्यांदा इतकी खूश झाले की काय सांगू!) वर 'र' घशातून काढतात, गुळणी केल्यासारखा. तिला सांग की आठवडाभर वर्गात शिकून दुकानात एक अक्षर कळलं नाही, तर ती स्टाव्हांगरची करामत आहे.

मराठी माणसाला या भाषेत फायदे मात्र भरपूर आहेत, आणि ते इंग्रजीतून शिकवणारं ॲप दाखवत नाही. एन गुत्त, तो मुलगा. ऐ येन्ते, ती मुलगी. एत बार्न, ते मूल. तो-ती-ते! इंग्रजी माणूस इथे रडकुंडीला येतो, आपल्याला ते आईच्या दुधातून आलेलं. सगळीकडे असं जुळत नाही, त्यांचा सूर्य बाईमाणूस आहे, पण तीन लिंगं असतात हे आपल्याला पटवून द्यावं लागत नाही. घर 'हूस' आणि ते घर 'हूसे'. ओळख शेपटीला लागते, जसं आपलं घरात, घराला. क्रियापद तर पुरुषाप्रमाणे बदलतच नाही. मी खाते, तू खातोस, ते खातात, सगळ्याला एकच 'स्पीसर'. आणि आकडे! आपण पंचवीस म्हणतो तेव्हा आधी पाच, मग वीस. नॉर्वेतही पूर्वी असंच पाच-आणि-वीस म्हणत. १९५१ साली त्यांच्या संसदेच्या ठरावानं ते उलटं केलं, वीस-पाच. टेलिफोनचे नंबर ऐकताना घोटाळे होत म्हणून. म्हातारी माणसं अजून जुनंच म्हणतात. माझी शेजारीण वय सांगताना पाच-आणि-सत्तर म्हणायची, आणि मला ते वर्गातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा लवकर कळायचं.

माझ्या सासूबाई १९५८ साली मिरजेहून सून म्हणून बडोद्याला आल्या, सतरा वर्षांच्या. सासऱ्यांनी हौसेनं गुजराती बालपोथी आणून दिली. ती पोथी पुढे कित्येक वर्षं लोणच्याच्या बरणीखाली पुठ्ठ्यासारखी होती, मीच ती काढली. गुजराती त्यांना शिकवलं ओट्यावर येणाऱ्या शाकवालीनं. कांद्याला डुंगळी, 'शुं भाव छे', 'बहु मोंघुं'. शाकवालीला मराठी येत नव्हतं आणि भाजी तर रोज लागते, हे त्यांचं नशीब. तुझ्या बायकोची अडचण तीच आहे, फक्त उलटी. स्टाव्हांगरच्या दुकानात तिला भाषेची गरजच पडत नाही. 'सगळ्यांना इंग्रजी येतं' हे ती खोटं बोलत नाही. म्हणून तिला अशी जागा हवी जिथे हात कामात आहेत, माणसं निवांत आहेत आणि इंग्रजीकडे वळायची कुणाला घाई नाही.

मला अशी जागा मिळाली ती सोल्व्हबेर्गेमध्ये, म्हणजे गावातलं ते मधोमधचं ग्रंथालय. मी तिथे पावसापासून बचाव म्हणून शिरले होते. खिडकीपाशी सात-आठ बायका विणत बसल्या होत्या. बहुतेक साठीच्या पुढच्या. मी बघत उभी राहिले, तशी एकीनं खुर्ची ओढून दिली आणि हातात सुया दिल्या. विणकाम मला आईनं शिकवलेलं, पण बडोद्याच्या उन्हात स्वेटर घालणार कोण, म्हणून वीस वर्षांत सुई धरली नव्हती. त्या बाईनं माझ्या सुईवर बोट ठेवून म्हटलं, 'तू रेत्त, तू व्रांग.' मला काही कळलं नाही. तिनं दोन टाके घालून दाखवले, मग पुन्हा दोन. त्यांचा 'तू' म्हणजे आपले दोन. दोन सुलट, दोन उलट! हाताला कळलं, मग कानाला कळलं. त्या दिवशी मी दीड तासात 'रेत्त' आणि 'व्रांग' हे दोन शब्द दीडशे वेळा ऐकले आणि पन्नास वेळा म्हटले. कुठल्या वर्गात एवढा सराव देतात?

तर 'रेत्त' म्हणजे सुलट टाका. तोच 'रेत्त' म्हणजे तुला नगरपालिकेनं नाकारलेला हक्क. आणि हॉटेलात जेवणाच्या यादीवर 'रेत्त' म्हणजे पदार्थ. 'व्रांग' उलटा टाका, आणि आडमुठ्या माणसालाही तोच शब्द. हे सगळं मला शब्दकोशानं नाही, त्या टेबलानं शिकवलं.

त्याच टेबलावर माझी फजितीही झाली. रविवारी काय करतेस असं कुणी विचारलं, मी म्हटलं घेवड्याची उसळ शिजवते. घेवड्याला शब्द 'बोन्नर'. शेतकऱ्यांनाही ऐकायला तोच, लिहिताना मध्ये एक न ऐकू येणारा 'द' असतो, फरक फक्त सुराचा. नॉर्वेजियन शब्दांना दोन चाली आहेत आणि मी चुकीच्या चालीत म्हटलं. म्हणजे मी दर रविवारी शेतकरी शिजवते असं झालं. त्या बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या. पुढच्या आठवड्यात एकीनं मला विचारलं, या रविवारी किती शेतकरी लागले? त्यानंतर मी तो सूर कधी चुकले नाही.

तेव्हा असं करा. स्टाव्हांगरच्या ग्रंथालयात भाषेचा कट्टा असतो, 'स्प्रोक-काफे' म्हणतात, तिथे नुसत्या गप्पा, परीक्षा नाही, पैसे नाहीत. विणकामाचा कट्टा असतो. रेड क्रॉसचे स्वयंसेवक भाषेचा सराव देतात, तो वर्गाला जोडून घ्यायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या घरातच आहे : बालवाडी. मुलीला आणायला जायचं ते तिनंच. तिथे खुंटीखाली ओले मोजे, चिखलाचा पावसाळी पोशाख, हातमोज्याची एकच जोडी आणि तीही कुणा दुसऱ्याची, हे सगळं रोज असतं. तिथली बाई रोज सांगते, आज जेवली का, झोपली का, कुणाशी भांडली. रोज तीच दोन मिनिटं आणि तेच वीस शब्द. तिनं पहिल्या दिवशी एवढंच म्हणायचं की माझ्याशी नॉर्वेजियनमध्ये बोला, पण हळू. लोक इंग्रजीवर घसरतात ते आपण अडखळलो की मदत म्हणून. सांगितलं तर थांबतात.

मुलगी चार महिन्यांत आईच्या पुढे जाईल, हे लिहून ठेव. मग बालवाडीतली भांडणं ती घरी नॉर्वेजियनमध्ये सांगेल. तुझ्या आईला हेच सांग. दोन-तीन वर्षांनी परत यायचंय हे कारण मला पटत नाही. आम्हीही दोन वर्षांसाठीच गेलो होतो. राहायचं ठरलंच तर नागरिकत्वासाठी २०२२च्या ऑक्टोबरपासून बोलण्याची पातळी बी-१ (युरोपीय मोजपट्टीवरची तिसरी पायरी) लागते, आधी ती एक पायरी खाली होती. पण त्यासाठी म्हणून आत्ता शिकू नये. त्यानं फक्त धसका बसतो. (आणि भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, तो वेगळाच विषय, त्यावर मला दर महिन्याला चार पत्रं येतात.)

भारतातला ऑनलाइन शिक्षक? चालेल, व्याकरणापुरता. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन, म्हणजे तिच्या सकाळी दहाला इथे दुपार असते, वेळ छान जुळते. मराठीतून तो-ती-ते समजावणारं कुणी मिळालं तर सोन्याहून पिवळं. पण त्या शिक्षकाचा उच्चार पुस्तकी असेल, आणि तो पडद्यावर असेल. तिला पडद्याबाहेर काढायचंय.

शिक्षक तू शोधू नकोस. ही पत्रातली नावं तिला दे आणि गप्प बस. आणि तू स्वतः पहिल्या पायरीच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घाल. त्या दोन संध्याकाळी स्वयंपाक कोण करेल ते तुमचं तुम्ही बघा. तू चार तासांत वर्ग सोडलास तर मला कळव.

प्रश्न : कारेलीबागेतून लिहिते आहे. मुलीचं लग्न झालं, तीन महिन्यांनी ती त्रोन्डहाइमला नवऱ्याकडे जाईल. बडोद्यात फ्रेंच-जर्मनचे वर्ग आहेत, नॉर्वेजियन शिकवणारं कुणी सापडलं नाही. जाण्याआधी तिनं काय करावं?

उत्तर : त्रोन्डहाइम म्हणजे काम सोपं झालं. तिथल्याच एनटीएनयू विद्यापीठाचा नवशिक्यांचा अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट आहे, आणि त्यातली गोष्टही त्रोन्डहाइमला आलेल्या परदेशी मुलांचीच आहे. रोज अर्धा तास पुरे.

तीन महिन्यांत भाषा येणार नाही, कान मात्र तयार होतो. अक्षरं एकोणतीस, त्यातली शेवटची तीन नवी. एकासाठी ओठ 'ओ'चे करायचे आणि आवाज 'ए'चा काढायचा. आरशासमोर करू द्या, हसू येईल, येऊ दे. स्वयंपाक करताना नॉर्वेचा सरकारी रेडिओ, एनआरके, लावून ठेवायचा. समजलं नाही तरी चाल कानात बसते. आणि तिला आधीच सांगा की त्रोन्डहाइमचे लोक 'मी'ला नुसतं 'ॲ' म्हणतात, नाहीतर पहिल्या दिवशी तिला वाटेल समोरच्याला काही दुखतंय.

पदवीची मूळ प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका बरोबर द्या, कुरिअरनं मागवत बसायला नको. पापड-मसाल्यांची यादी तुम्ही केलीच असेल. विणकाम येत नसेल तर तेवढं शिकवून ठेवा. तीन महिन्यांत मफलर सहज होईल.